खालचा डावा कोपरा

भद्रावती पेठ, सोलापूर
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

चि. मल्लेश यास,

अक्काचे आशीर्वाद. रुपालीला आणि मुलांना माझी आठवण सांग. आम्ही दोघं बरे आहोत. चार दिवसांनी आज नळाला पाणी आलं. घागरी, बादल्या, पातेली सगळं भरून झालं, नानांची आंघोळ झाली, आणि ते आता आत पडले आहेत म्हणून लिहायला बसले.

पत्र बघून हसशील. पुण्यापर्यंत अक्काचा फोन लागत नाही का, म्हणशील. लागतो रे. पण फोनवर मी तोंड उघडलं की तू लगेच उपाय सांगायला लागतोस. सेटिंगमध्ये जा, अमुक दाब, नाहीच जमलं तर बंद करून चालू कर. मी बंद करून चालू करते आणि सांगायचं ते राहूनच जातं. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. शिवाय फोनच्या वेळी नाना शेजारी असतात, आणि त्यांच्याबद्दल त्यांच्यादेखत बोलणं मला जमत नाही.

तर विषय तू दिवाळीत आणलेल्या कॉम्प्युटरचा.

आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणशील, अक्का नुसती खोड काढते. चालू व्हायला वेळ लागत नाही. पंख्याची घरघर नाही. जुन्या डब्यानं अर्धं टेबल अडवलं होतं, तिथं आता माझे इस्त्रीचे कपडे बसतात. स्क्रीन मोठी आहे, रंग सुरेख आहेत. शेजारच्या कमलम्मा येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, बापासाठी मुलानं एवढं आणलं, नशीब लागतं. मी हो म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

पण हे विंडोज अकरा मला आवडलेलं नाही. सकाळी चालू करावं तर एक दिवस बर्फाचा डोंगर, दुसऱ्या दिवशी कुठला तरी समुद्र. आपण आपल्याच घरात आलो आहोत की लॉजमध्ये, कळत नाही. मग पिन विचारतं. मग खातं उघडा म्हणतं. कामाच्या मध्येच अपडेट काढतं आणि आपण हात बांधून गोल फिरणाऱ्या ठिपक्यांकडे बघत बसायचं. खाली कोपऱ्यात सांगतं, सोलापुरात ऊन आहे. ते सांगायला कॉम्प्युटर कशाला लागतो?

तुझा तो मॅकही मला जमला नव्हता, दिवाळीत पाहिलंसच. खिडकी बंद करायचं बटण भलत्या बाजूला. तू म्हणालास, अक्का, सवयीचा प्रश्न आहे. खरंय. आमच्या शाळेच्या ऑफिसात फुकट मिळतं म्हणून संस्थेनं लिनक्स घातलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी तोंडं वाकडी केली होती. मराठी फॉन्ट बसेपर्यंत जीव गेला. प्रिंटर अजूनही त्याच्या मर्जीनं चालतो. पण आता माझं त्याच्याशी जुळलंय. काल ठेवलेली वस्तू आज तिथंच सापडते. मला विचारल्याशिवाय ते माझी भांडी हलवत नाही. एवढंच तर लागतं माणसाला.

मला जमेल रे. मी काय, शिव्या देत देत शिकेन. प्रश्न नानांचा आहे.

तुझ्या मुलानं विचारलं होतं, आजोबा कॉम्प्युटरवर काय करतात. तू म्हणालास, डिझाइन. त्याला नीट सांग. टॉवेलच्या काठावर हॉटेलचं नाव विणलेलं असतं, चादरीवर मोर असतो, तो आधी आजोबांच्या स्क्रीनवर चौकोन चौकोन करून भरला जातो. एक चौकोन म्हणजे एक धागा. वेलांटी चुकीच्या चौकोनात पडली तर हजार टॉवेलांवर नाव चुकतं. नानांनी आधी हे कागदावर रंगानं केलं, मग कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावर शिकले, आणि निवृत्त होताना मालकांनी ते मशीनच त्यांना देऊन टाकलं. विंडोज अठ्ठ्याण्णव. त्याला कधी इंटरनेटचा वारा लागला नाही. छोटे कारखानदार अजून घरी यायचे, नाव द्यायचे, नाना भरून द्यायचे. अलीकडे कुणी येत नव्हतं, तरी नाना रोज बसायचे.

अजूनही बसतात. दुपारचं जेवण झालं की इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि खुर्चीत. मग हाताखालचा बाण सरळ खालच्या डाव्या कोपऱ्यात जातो. पंचवीस वर्षं स्टार्ट तिथं होतं. तुझ्या विंडोजनं ते मध्ये नेऊन ठेवलंय आणि कोपऱ्यात ते ऊन-पावसाचं चित्र. त्यावर बाण गेला की अर्ध्या स्क्रीनभर बातम्या उघडतात. नाना दचकतात. बंद करतात. परत बाण कोपऱ्यात. परत बातम्या. मी मधलं बटण दाखवते, ते मान हलवतात, आणि हात पुन्हा कोपऱ्यात जातो. दुपार अशी जाते.

आणि समजा स्टार्ट सापडलं, तरी पुढं काय? तू सगळ्या फाइली जपून नव्या मशीनवर घेतल्यास, मी बघत होते, रात्री जेवायलाही उठला नाहीस. पण त्या उघडत नाहीत. जुन्या डब्याच्या मागं, प्रिंटरची वायर लावतात तिथं, काडेपेटीएवढा एक ठोकळा होता. कारखान्यात त्याला सगळे लॉक म्हणायचे. तो लावलेला नसेल तर डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडतच नाही. तुला तो जुना अडॅप्टर वाटला असेल. कुणालाही वाटलं असतं. डब्याबरोबर तोही भंगारात गेला. मी भंगारवाल्याकडे जाऊन आले. त्यानं सगळं फोडून पुढं पाठवलंय.

मनाला लावून घेऊ नकोस. तू प्रेमानं आणलंस, हे मला ठाऊक आहे. पण नानांना त्यांची बसायची जागा परत मिळाली पाहिजे, आणि मी ती मिळवणार आहे. तुझ्या ओळखीत कुणाकडे तसलं जुनं विंडोज आणि तो लॉक मिळत असेल तर बघ. एवढंच मागणं आहे.

बाकी सगळं ठीक. नाना उठले वाटतं, थांबते.

तुझी,
अक्का


भद्रावती पेठ, सोलापूर
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. मल्लेश,

आशीर्वाद. गड्ड्याची जत्रा सुरू झालीय, पाळण्यांचा आवाज आपल्या गच्चीवर येतो. तुझी मुलं असती तर नेलं असतं. रुपालीला म्हणावं, शेंगाचटणी करून ठेवलीय, कुणी पुण्याला जाणारं मिळालं की पाठवते.

माझं पत्र मिळाल्याबरोबर तू फोन केलास, आणि काय केलंस? उपाय सांगितलास. रागावू नकोस, तू तसाच आहेस आणि मला त्याची सवय आहे. तू म्हणालास, अक्का, काही करू नकोस, मी पुण्यात बसून तुझ्या स्क्रीनवर येतो आणि सगळं जुन्यासारखं करून देतो. मी स्क्रीनवर आलेला नंबर तुला वाचून दाखवला, हो-हो दाबलं, आणि तू आलास. स्टार्ट डावीकडे गेलं. ऊन-पाऊस गेला. मागं जुन्या मशीनसारखा साधा हिरवट-निळा रंग आला. पाच मिनिटांत. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

तू फोन ठेवलास तेव्हा मी तुला एवढंच सांगितलं की छान झालं. जे झालं ते सांगितलं नाही.

मी नानांना आत झोपलेले समजत होते. ते दारात उभे होते. माउसला कुणाचा हात नाही आणि बाण आपोआप फिरतोय, खिडक्या उघडतायत, मिटतायत, हे सगळं त्यांनी पाहिलं. तू गेल्यावर ते हळूच माझ्याजवळ आले. चेहरा पडलेला. आणि म्हणाले, "बाई, साहेबांना सांगा. माझ्या मशीनवर दुसरा माणूस बसवलाय."

मल्लेश, हे ते मराठीत म्हणाले.

तू परत वाच. नाना माझ्याशी मराठीत बोलले. आपण दोघं लिहितो मराठीत, कारण शाळेत तेच शिकलो आणि तेलुगू अक्षरं आपल्याला येत नाहीत. पण घराच्या आत नाना आपल्याशी जन्मात कधी मराठी बोललेत का? मराठी बाहेरच्यांसाठी. कारखान्यात, बँकेत, रिक्षावाल्याशी. मला ते आजवर बिड्डा म्हणत आले. रागावले तरी बिड्डा. त्या दिवशी मी बाई झाले.

आणि हे पहिल्यांदा नव्हतं. आता लिहितेच.

गणपतीच्या आधीपासून चाललंय. आधी किल्ल्या, मग गॅस, मग एकदा ते भाजी आणायला गेले आणि अशोक चौकात उभे राहिले, तिथून ओळखीच्या एकानं आणून सोडलं. मी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, घरी कोण कोण असतं? नाना म्हणाले, बायको आणि दोन लहान मुलं. अम्माला जाऊन सहा वर्षं झाली. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही, तू लगेच गूगल करशील आणि रात्रभर वाचत बसशील. गोळ्यांनी थोडं मागं-पुढं होतं, बरं होत नाही, एवढं पुरे.

तुला का नाही सांगितलं, विचारशील. काय सांगू? तोंडानं म्हटलं असतं तर खरं झालं असतं. आणि दिवाळीला चार दिवस तू इथं होतास, तुला काही कळलं का? नाही कळलं, कारण नाना त्या जुन्या मशीनसमोर बसलेले होते. तिथं ते अगदी पहिल्यासारखे होते. कोपऱ्यात गेले, उघडलं, चौकोन भरायला लागले. तुला त्यांनी कमळाचं डिझाइन दाखवलं, कुठली वीण कुठं बदलली ते समजावून सांगितलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि मला वाटत होतं, डॉक्टर चुकले असतील. इतर सगळीकडे नाना हरवतात. त्या स्क्रीनवर ते कधी हरवले नाहीत.

म्हणून तर मला ती परत पाहिजे. तू मागच्या वेळी फोनवर म्हणालास, नाना एवढे गोंधळतात ते माझ्यामुळे झालं का? तुझ्यामुळे काही झालेलं नाही. होतं ते दिसायला लागलं, एवढंच. हे मी तुझी समजूत घालायला लिहीत नाही. तुझी समजूत घालण्याएवढी ताकदच माझ्यात राहिलेली नाही.

त्या दिवसापासून नाना खुर्चीत बसायला तयार नाहीत. शर्ट घालतात, पेन लावतात आणि टेबलापासून लांब पलंगाच्या कडेवर बसून राहतात. त्यांची जागा कुणीतरी घेतलीय, असं त्यांना वाटतं. मी विचारलं तर म्हणतात, साहेब बोलावतील.

एक शोध लागलाय. नानांच्या हाताखाली डिझाइनखात्यात महिपती म्हणून होता, आठवतो का, तोंडात कायम बडीशेप? तो कुंभारीच्या घरकुलात राहतो. कारखान्यानं अशी मशीनं दोन विकत घेतली होती. एक नानांना दिलं, दुसरं त्याला दिलं असावं, असं कमलम्मांचा जावई म्हणतो. जत्रा उरकली की जाऊन येते.

तू घाईघाईनं येऊ नकोस. तुझ्या ऑफिसातलं ते रिलीज का काय ते होऊ दे. आणि कृपा करून पुण्याहून काही पाठवू नकोस.

अक्का


भद्रावती पेठ, सोलापूर
रविवार, २ मार्च २०२५

प्रिय मल्लेश,

ऊन तापायला लागलं. दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही.

मिळालं मशीन. आधी तेच सांगते.

महिपतीकडे गेले, तर त्यानं मला ओळखलंच नाही. नानांचं नाव सांगितल्यावर बायकोला हाक मारून चहा टाकायला लावला. त्याचं डिझाइनचं काम कधीच बंद झालंय, मुलाबरोबर भाजीचा गाडा लावतो. मशीन पलंगाखाली होतं, जुन्या चादरीत बांधलेलं. ठोकळा मागं तसाच लावलेला. नानांचं मी सगळं सांगितलं. तो खाली बघत ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "न्या की अक्का. हितं निस्तं पडून हाय. मला ह्ये नानांनीच शिकवलंय."

रिक्षात मांडीवर घेऊन आणलं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वर-खाली होत होता. महिपती स्क्रीन कॅरिअरला बांधून मागनं सायकलवर आला. पहिल्यांदा चालूच होईना, त्यानं उघडलं, फुंकलं, कसली तरी पट्टी काढून परत बसवली. तुझा कॉम्प्युटर मी कपाटावर ठेवलाय, नीट झाकून. त्याच्याशी माझं वैर नाही.

नाना पलंगावरून बघत होते. पंखा घरघरला, काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं पळाली, मग तो आवाज आला, सुरू होतानाचा. मी लिनक्सवाली बाई, विंडोजला नावं ठेवणारी, आणि त्या आवाजानं मला रडू फुटलं. महिपतीनं तोंड फिरवलं.

नाना उठले. शर्टाची कॉलर सारखी केली. खुर्ची पुढं ओढून बसले आणि बाण खालच्या डाव्या कोपऱ्यात नेला. उघडलं. पुढचं सगळं हातानंच केलं, डोळ्यांना विचारावंही लागलं नाही. चौकोनांचा ग्राफ आला. नाना चौकोन भरायला लागले आणि तोंडानं मोजायला लागले, ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु. महिपती मागं उभा होता. बऱ्याच वेळानं नाना त्याला म्हणाले, "महिप्या, काठ दोन धागे आत घे, धुतल्यावर आटतंय." त्याचं नाव घेतलं, मल्लेश. मला वाटलं, आता माझंही घेतील. मी समोर जाऊन उभी राहिले. नानांनी वर बघितलं आणि विचारलं, "काय मॅडम, ऑर्डर बदलली का?"

मी म्हटलं, नाही, चालू द्या.

तेव्हापासून असंच आहे. रोज दुपारी बसतात. जेवतात नीट, झोपतात नीट, पलंगाच्या कडेवर वाट बघत बसणं संपलं. गेल्या वर्षभरात मी त्यांना एवढं खूश पाहिलेलं नाही. मी ठरवलं होतं ते झालं, त्यांची जागा त्यांना मिळाली. फक्त ती जागा कारखान्यात आहे आणि साल कुठलं तरी जुनं आहे. तिथं मी ऑफिसातली मॅडम आहे. कधी कधी माझ्याकडे रजेचा अर्ज मागतात.

आता तुला जे लिहायला मी आठवडाभर टाळतेय ते.

पाच वाजत आले की नाना काम थांबवतात. उठतात, शर्टाचं बटण लावतात, आणि माझ्यासमोर येऊन उभे राहतात, जरा वाकून. पहिल्या दिवशी म्हणाले, "मॅडम, अर्धा तास घरी जाऊन येऊ का? पोरगी शाळेतनं येईल. तिच्याकडं किल्ली न्हाई. उन्हात दारात बसून राहती."

मी म्हटलं, जा.

अम्मा तेव्हा वळलेल्या विड्या द्यायला विडी कारखान्यात जायची आणि रांगेतून सुटून यायला तिला दिवेलागण व्हायची. तू अजून शाळेत नव्हतास, अम्माच्या कडेवर असायचास, तुला हे आठवणार नाही. मी शाळेतून यायचे तेव्हा दार उघडं असायचं आणि नाना ओट्यावर उभे असायचे, सायकल भिंतीला टेकवलेली. म्हणायचे, चहाला आलो होतो. मग सायकल काढून परत कामावर जायचे. चहा कुणी करून ठेवलेला नसायचा, हे मला आत्ता या वयात सुचतंय. रोज ते साहेबांसमोर असेच वाकून उभे राहत असतील, आणि घरी येऊन मला मात्र चहाचं सांगत असतील. मी दप्तर टाकून खेळायला पळायचे.

तर नाना रोज पाचला दाराशी जाऊन उभे राहतात. गल्लीच्या तोंडाकडे डोळे. शाळा सुटलेल्या पोरी जातात, त्यातल्या एकेकीकडे निरखून बघतात. मी आत, त्यांच्या मागं उभी असते. काही दिवस मी नुसती बघत राहिले. मग परवा मला राहवलं नाही. मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि आपल्या भाषेत म्हटलं, नाना, मी आले.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. फार चांगल्या नजरेनं पाहिलं, परक्या बाईची समजूत घालावी तसं. आणि मराठीत म्हणाले, "तुम्ही नव्हे मॅडम. माझी पोरगी. लहान आहे ती."

मी म्हटलं, हो. येईल.

ते म्हणाले, "येईलच की. जाईल कुठं."

तिन्हीसांजेपर्यंत उभे राहतात. मग कशासाठी उभे आहोत तेच विसरतात आणि आत येऊन हात-पाय धुतात. रोज तेवढा वेळ मी काय करते विचारू नकोस.

ये तू. या पत्राचं उत्तर फोनवर देऊ नकोस, सरळ हुतात्मा एक्स्प्रेस पकडून ये. येताना काही आणू नकोस आणि आल्यावर काही दुरुस्त करू नकोस. नाना तुला ओळखणार नाहीत, हे मनाशी पक्कं करून ये. कारखान्यात काम शिकायला नवीन माणूस आलाय असं मी सांगेन. स्टूल घेऊन त्यांच्या शेजारी बस. ते सांगतील ते ऐक, मोजतील तेव्हा मोज. शिकवायला त्यांना फार आवडतं, तुला ते अगदी जीव लावून शिकवतील.

आणि पाच वाजले की माझ्याबरोबर दाराशी उभा राहा. तिथं मला एकटीला उभं राहवत नाही.

नानांना त्यांची पोरगी हवी आहे आणि मी ती नाही. आता अक्का म्हणून मी फक्त तुझ्याकडेच उरले आहे.

तुझी
अक्का